मायाक्काचं तोंड आणि चोपन्न कॅलिबर

...आतला हो, आतला! बाहेरचा नव्हे! तुम्हाला सांगतो, कॅलिबर म्हणजे नळीच्या तोंडाचा आतला व्यास, एवढं एक वाक्य समजावण्यात माझे चार दिवस गेले, आणि मी कोण, तर लोकसाहित्याचा अभ्यासक! सोलापुरातून सांगोल्याकडच्या त्या गावी गेलो होतो ते वेशीवरच्या तोफेच्या ओव्या टिपून घ्यायला. तोफेचं नाव मायाक्का. तिला हिरवी साडी, बांगड्या, जत्रेला तोंडात पुरणपोळीचा नैवेद्य. शस्त्राची देवता कशी होते याचा इतका देखणा नमुना... ते राहू द्या. कारण सरपंच कल्लप्पांनी मला तिथंच गाठलं. "सर, जत्रेच्या आत पाटी लावायचीय. वढ्यापल्याडच्या गावानं त्यांच्या तोफंवर 'चाळीस कॅलिबर' लिवलंय. आपली किती ते तुमी सांगायचं, आन् खाली 'तज्ज्ञ' म्हणून तुमचंच नाव!"

नाव! पस्तीस वर्षं पडताळून पाहिल्याशिवाय एका ओळीखाली नाव घातलं नाही मी!

तर मोजमाप. कल्लप्पांनी सुतळी घेतली आणि पैलवानाची छाती मोजावी तशी तोफेच्या बुडाभोवती गुंडाळली. "पंचेचाळीस इंच! गेली की चाळिसाच्या वर! लिवा!"

अहो, तो घेर! कॅलिबर म्हणजे आतला व्यास! मी तोंडात पट्टी घातली, तर पुजारी बिरप्पा धावून आले. "बाईमाणसाच्या तोंडात पट्टी घालता व्हय?" मग खण-नारळ ठेवला, कौल मागितला, माफी मागितली... आणि मोजलं. साडेचार इंच.

"त्यांची चाळीस आन् आपली साडेचार?" कल्लप्पा मटकन बसलेच!

इथं चूक माझी. विद्वत्ता आवरली नाही. मी खुलासा केला, की शेजाऱ्यांचा आकडा दुसऱ्या हिशेबाचा असावा. मोठ्या तोफांच्या नळीची लांबी तिच्या आतल्या व्यासाच्या किती पट आहे, तेही कॅलिबरमध्येच सांगतात. मायाक्काची नळी एकशे आठ इंच, तोंड साडेचार, म्हणजे चोवीस पट. चोवीस कॅलिबर.

कल्लप्पा हळूच म्हणाले, "म्हंजे सर, लांबी हाय तेवढीच, पर तोंड बारीक झालं, तर आकडा वाढंल?"

माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत जे जमत नाही, ते या गृहस्थानं दोन मिनिटांत केलं! मी भारावून "अगदी बरोबर!" म्हणून बसलो.

आता त्या गावात नवस फेडताना मायाक्काच्या तोंडात शेंदराचा लेप द्यायची जुनी चाल. वर्षाकाठी चार-दोन नवस, बोटभर शेंदूर. पण त्या संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप: 'मायाक्काला लेप द्या, गावाचा मान राखा!' अख्खं गाव तेल-शेंदूर घेऊन रांगेत! चौथ्या दिवशी मोजलं. दोन इंच. एकशे आठ भागिले दोन... चोपन्न! गणित चोख! म्हटलं, अहो, कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, शेंदराचा नव्हे! तर कल्लप्पा शांतपणे म्हणतात, "मग देवी खरवडावी लागंल की, सर. तुमी खरवडता का?"

समोर दोनशे माणसं. मी पाटीच्या मजकुरावर सही केली.

जत्रेला पहिल्या पोळीचा मान गावातल्या सर्वांत वयस्कर अंबुबाईंचा. ताटाएवढी जाडजूड पोळी आत जाईना. दुमडली, गुंडाळली, अंगठ्यानं रेटली... छे! "क्यालिबर वाढलं म्हनं, आन् माजी मायाक्का उपाशी!" आणि म्हातारीनं पाहिलं ते पाटीकडे नव्हे, सरपंचांकडेही नव्हे, माझ्याकडे!

आणि काल शेजारच्या गावची मंडळी सोलापुरात माझ्या दारात. म्होरके हरिबा. "सर, त्येंची चोपन्न झाली न्हवं? आमी आमची पार बुजवूनच टाकतो. मग किती भरंल?"

पाहिलंत? जिच्यातून वाटाणासुद्धा सुटायचा नाही, तिचा आकडा सर्वांत मोठा! म्हटलं, अहो हरिबा, कॅलिबर म्हणजे आतला व्यास, आतच काही उरलं नाही तर व्यास कशाचा? शून्यानं भागता येत नाही, फार तर अनंत म्हणा!

हरिबांनी वही काढली. "अनंत... ह्ये अंकात लिवायचं का अक्षरात?"

...म्हटलं, अक्षरात लिहा. आणि खाली माझं नाव... जरा बारीक.