आधी भट्टी फोडा

हवामान निधीच्या योजनांच्या अटी लिहिणाऱ्या बाई गाल धरून दातांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बेकरीवाला आणि त्याची बायको.

“कशाला फोडलीत हो भट्टी? मामंजींच्या हातची होती.”

“अटच होती ना. आधी भट्टी फोडा, फोटो पाठवा, मग विजेचा ओव्हन.”

“आला की ओव्हन. बसलाय रुसलेल्या जावयासारखा!”

“लाइनला झेपत नाही गं तो. लावला की अख्ख्या गल्लीचे दिवे जातात.”

“मग तो चालेपर्यंत तरी भट्टी ठेवू द्यायची.”

“तसं कोणी विचारलंच नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही.”

“आणि तो सिमेंटवाला? त्याच्या कारखान्याची चिमणी तर धूर ओकतेच आहे.”

“त्याने या योजनेत पैसे भरलेत. आपला जेवढा धूर थांबला, तेवढा त्याला माफ.”

“म्हणजे विझली आपली भट्टी, आणि पुण्य त्याला?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. पहाटे अजून उठता तुम्ही पेटवायला. मग बसून राहता अंधारात.”

आतून नंबर पुकारला. बाईंचा होता.

“तुम्ही जा आधी,” बाई त्याला म्हणाल्या.

“अहो, नंबर तुमचा आहे.”

“असू दे. जा तुम्ही.”

बेकरीवाला उठला आणि बायकोच्या कानाशी लागला, “बघ, आहेत अजून दुसऱ्याचा विचार करणारी माणसं.”