कोरफडीने प्यालेला काढा

मी खाली सही करणारी. वय एकोणपन्नास. धंदा : चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे. या जागी हवालदारांनी आधी 'घरकाम' लिहिले होते, ते माझ्या नवऱ्याने सांगितल्यावरून. माझ्या सांगण्यावरून ते बदलले. राहणार टपाल कचेरीच्या मागच्या इमारतीत, दुसरा मजला. घरात नवरा, सासूबाई, नणंद आणि मी.

मला आज चौकीत समोर बसवून विचारले, म्हणून सांगते की, मी हरवल्याची जी तक्रार माझ्या नवऱ्याने काल दिली, ती मला वाचून दाखवली. तीत माझी उंची आणि कपड्यांचा रंग बरोबर आहे. 'नसांच्या दुखण्यामुळे भ्रमिष्ट अवस्थेत घरातून निघून गेली' हे बरोबर नाही. मी कामावर गेले होते. आज सकाळी पोलीस आले तेव्हाही मी कामावरच होते आणि एका जाड काचेची कड घासत होते. हरवलेले माणूस असे सापडत नाही.

काढ्याबद्दल विचारल्यावरून सांगते की, पहिला कप मी स्वतः मागितला होता. मागच्या वर्षी कारखान्यात काम फार वाढले. माझ्या तळहातांना घाम यायचा, छातीत धडधडायचे, झोप उडाली होती. एखादी काच हातून निसटली की दिवसभर तीच डोळ्यांपुढे. माझी नणंद झाडपाल्याच्या औषधांच्या दुकानात कामाला आहे. तिने ब्राह्मी आणि गवती चहा उकळून दिला. मला बरे वाटले, झोप लागू लागली. तिने ते मायेने केले. तिचे उपकार मी नाकारत नाही, हेही लिहून घ्यावे.

त्यानंतर सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. नणंदेचे दुकान, नवऱ्याची कचेरी, तेव्हा रजा मीच घेतली. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. सासूबाई काठी घेऊन घरात फिरू लागल्या तेव्हा मी म्हणाले की आता मी कामावर जाते. त्या संध्याकाळपासून कपातला काढा बदलला. त्याला ओल्या मोज्यांसारखा वास येत होता. विचारल्यावर नणंद म्हणाली की त्यात तगराचे मूळ आहे, त्याने नसांना मुळातून आराम पडतो.

तो काढा घेतला की माझे हात मला परक्याचे वाटत. भाजी चिरायला बसले की सुरी हातात तशीच राहायची. मी हे सांगितले, तेव्हा नणंद म्हणाली, "म्हणजे लागू पडतंय, वहिनी. इतकी वर्षं ताणलेल्या नसा आता कुठे सैल होतायत."

मी चिडले की नवरा म्हणायचा, बघ, नसा. मी गप्प बसले की म्हणायचा, बघ, काढ्याचा गुण. रडले तर काढा कमी पडला, हसले तर काढ्याने मन उल्हसित झाले. माझे स्वतःचे असे काही उरलेच नव्हते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी माझी गत झाली होती. घरात मी सोडून सगळ्यांना माझ्या नसांची काळजी होती. पुढे गल्लीलाही लागली. भाजीवाली माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली, आणि समोरचे निवृत्त मास्तर मला पाहून दार आवाज न करता लावू लागले.

कारखान्यातली माझी मैत्रीण, जी फ्रेमला दांड्या बसवते, ती बाजारात भेटली. तिने माझा हात धरून विचारले की आता नसांचे कसे आहे. मग तिच्याकडूनच कळले की माझ्या नवऱ्याने मालकांना फोन करून मी यापुढे येणार नाही असे कळवले होते. मी घरी येऊन त्याला विचारले. तो खोटे बोलला नाही. "तुला सांगितलं असतं तर तुला ताण आला असता," असे तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी काढा प्यायले नाही. कप घेऊन खिडकीशी जायचे आणि कोरफडीच्या कुंडीत ओतायचे. माझे हात ठिकाणावर आले. दोरा सुईत पहिल्या झटक्यात ओवला जाऊ लागला. घरात मात्र कोणाला काही कळले नाही. मी मुद्दामच कमी बोलत होते. नवरा नणंदेला म्हणाला की तुझ्या औषधाला तोड नाही. कोरफड मुळाशी कुजली. नणंदेने तिच्याकडे पाहून मला सांगितले की वहिनी, तुम्ही पाणी फार घालता. इतकी शांत झालेली कोरफड मी पूर्वी पाहिली नव्हती.

परवा जेवताना मी सांगितले की सकाळी मी कामावर जाणार आहे. कोणी ओरडले नाही. कोणी ओरडले असते तर बरे झाले असते, मला उलट ओरडता आले असते. सासूबाई म्हणाल्या की आधी नीट बरी हो. नणंद म्हणाली की मुळाचे प्रमाण वाढवून बघू. नवरा पानावरून उठला आणि त्याने गॅसवर पातेले ठेवले. काढा गाळून त्याने स्वतः फुंकर घालून गार केला आणि मी कप रिकामा करेपर्यंत समोर बसून राहिला. त्या रात्री तो मी प्यायले, कारण खिडकीपर्यंत जाता आले नाही. दाराची किल्ली त्याने आपल्या खिशात ठेवली. मी चक्कर येऊन जिन्यात पडेन म्हणून, असे तो म्हणाला.

काल सकाळी कचरा न्यायची वेळ झाली तेव्हा नवऱ्याने दार उघडले. मी बादली घेऊन खाली गेले, ती जिन्याखाली ठेवली आणि कारखान्यात गेले. तक्रारीत 'कचऱ्याची बादली घेऊन बेपत्ता' असे लिहिले आहे आणि ते भ्रमाचे लक्षण म्हणून दिले आहे. त्यावर माझे म्हणणे असे की, पर्स घेतली असती तर दार उघडले नसते. बादली जिन्याखालीच आहे, पाहून घ्यावी.

मालकांनी मला पाहून आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग हातांकडे. मी एक काच घासून दिली. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि परत न करता डब्यात ठेवली, म्हणजे पसंत पडली. मी दिवसभर काम केले. रात्री मैत्रिणीकडे राहिले. आज पोलीस आल्यावर मालक म्हणाले, "घरच्यांशी मिटवा आणि मग या. मला इथे भानगड नको." त्यांना मी दोष देत नाही. मैत्रिणीच्या नवऱ्यानेही तिला तेच सांगितले आहे.

साहेबांनी विचारले की घरचे मारतात का. नाही. उपाशी ठेवतात का. नाही. गोळ्या देतात का. नाही, झाडपाला देतात. शिवीगाळ करतात का. घरात कोणी आवाजही चढवत नाही. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग बाई, तुमची तक्रार काय लिहू?" मी म्हणाले, "ते माझी काळजी घेतात, हे लिहा." साहेबांनी ते लिहिले नाही. माझ्या सांगण्यावरून आता लिहिले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला चौकीतून फोन लावून दिला. तिच्याकडे राहता येईल का, असे मी विचारले. ती म्हणाली की ताई, भाऊजी तुझ्यासाठी किती करतात, आमच्या ह्यांना तर मला ताप आलेलाही कळत नाही. मी फोन ठेवला.

मी सज्ञान आहे, मला वाटेल तिथे जाता येईल, असे साहेबांनी समजावून सांगितले. ते मला समजले. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही आणि मलाही माहीत नाही. नवरा आणि नणंद बाहेरच्या बाकावर बसून आहेत. नवऱ्याचे डोळे सुजलेले आहेत. तो रात्रभर मला शोधत होता हे खरे आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. वाईट वाटते म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

जबाब चालू असताना नणंदेने थर्मास आत पाठवला. महिला हवालदारांनी त्याच्या झाकणात काढा ओतून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या ताई, बरं वाटेल. मग सही करा." त्या भल्या बाई आहेत. वास तोच आहे. खोलीच्या खिडकीत कुंडी नाही.

माझे मागणे एवढेच आहे की, मी हरवलेली नाही अशी नोंद करावी. पुन्हा कधी माझ्या नावाने अशी तक्रार आली, तर मला विहिरीत किंवा रुळांवर शोधू नये. आधी घरात शोधावे. तिथे मी कपामागे बसलेली असेन आणि अगदी शांत असेन.

हा जबाब मला सुरुवातीपासून वाचून दाखवला. शेवटी 'सदर जबाब शांत चित्ताने दिला' असे एक वाक्य होते. ते माझे नाही, म्हणून खोडायला सांगितले. साहेब म्हणाले की ते तुमच्याच भल्याचे आहे, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही. तरीही खोडायला सांगितले. त्या जागी लिहावे की, मी हा जबाब चिडून दिला आहे, देताना माझे हात थरथरत होते, झाकणातला काढा मी घेतलेला नाही, आणि यातला शब्द न् शब्द खरा आहे.