काठाला आलेल्या लाटा

पॅसिफिकमधल्या रारोटोंगा बेटाच्या विमानतळावर अळूच्या कंदांचा खोका घेऊन रांगेत उभ्या असलेल्या टेरेमोआनाच्या कानावर पुढच्या आजी-नातीचं बोलणं पडत होतं.

"आजी, या टोपीच्या काठाला लाटा आल्यात गं."

"विणताना माडाच्या पात्या जास्त घातल्या गेल्या. तू जाणार म्हटल्यावर चित्त कुठलं थाऱ्यावर!"

"असू दे. ऑकलंडला मी असल्याच लाटांचं गणित शिकतेय. वाकड्या पृष्ठभागांचं."

"माझ्या चुकीवर शिष्यवृत्ती मिळते? आधी सांगायचंस, आणखी चुका केल्या असत्या!"

"पृथ्वीही त्यातलीच. गोल आहे ना, म्हणून सरळ चालत राहिलं की माणूस निघाला तिथेच परत येतो."

"नक्की?"

"सिद्ध करून दाखवू?"

"ते राहू दे. टोपी घाल आणि सरळ चालत राहा. वाटेत मात्र कुठे वळू नकोस."