पाणथळ रान आणि पांढरा सदरा

नाव : विनंतीवरून वेगळ्या बंद पाकिटात. वय : ३८ वर्षे. धंदा : शिवणकाम. राहणार : वनरक्षकांच्या वसाहतीत, पतीसह.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, माझे पती पाणथळ रानाचे रक्षक आहेत. पूर्वी नदीकाठाला सगळीकडे असे रान होते. बाकीच्या ठिकाणी पाणी काढून, भर टाकून प्लॉट पडले. पाण्यात उभी राहणारी ही पानगळीची झाडे आता एवढ्याच तुकड्यात उरली आहेत. तो राखीव करायचा की नाही हे ठरवायला उद्या पाहणी पथक येणार आहे.

परवा कोणीतरी बांध फोडला. रानातले पाणी उतरू लागले. पती तेव्हापासून गोण्या टाकून भगदाड बुजवत आहेत.

आज दुपारी एक अनोळखी इसम माझ्या दुकानात आला. कपडे नीटनेटके, बोलणे साखर पेरल्यासारखे. त्याने काउंटरवर पांढरे कापड ठेवले. म्हणाला, “वहिनी, एक सदरा शिवायचाय. तुमच्या मालकांच्या मापाचा.”

मी म्हणाले, “त्यांना पाठवून देते. नवीन माप घेऊ.”

तो म्हणाला, “कशाला? झोपलेल्या माणसाला थोडा सैल झाला तरी चालतो.”

तो गेल्यावर मी पतींना फोन लावला. लागला नाही. शटर ओढून रानात गेले. टेप गळ्यातच राहिली होती.

पती छातीभर पाण्यात होते. मी म्हणाले, “चला घरी.” ते म्हणाले, “आज सोडलं तर सकाळी पथकाला नुसता चिखल दिसेल. मग राखायचं काय?” मी कापडाचे सांगितले. ते भगदाडाकडे वळले. मग म्हणाले, “गोणी दे.” त्यांचे हात कापत होते. पाणी गार आहे, असे ते म्हणाले. मीही पाण्यात उतरले होते. पाणी गार नव्हते.

भगदाड बुजले. पाणी उतरायचे थांबले. तेव्हा समोरच्या काठावर तोच इसम आणखी दोघांसह उभा दिसला. त्याने हात वर करून विचारले, “वहिनी, बेतला का सदरा?”

पती बांध सोडायला तयार नाहीत. ते तिथे एकटे आहेत. अंधार पडायच्या आत तिकडे पोलीस गाडी पाठवावी, एवढेच मागणे आहे.

जबाब मला वाचून दाखवला. बाहेर बाकावर माणसे असल्याने हळू वाचा, असे मी सांगितले होते. मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम खरा आहे. सही केली. पोलीस गाडी अजून ठाण्याच्या फाटकातच उभी आहे.