मेणचित्रावरील कपाच्या डागाबाबत

जबाब दि. १४/१०/२००३

मी, हाशिम सुलेमान होडेकर, वय ५३ वर्षे, धंदा – लाकडी होड्यांची दुरुस्ती, रा. राजिवडा, रत्नागिरी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी खुर्शीद ही दि. ६/१२/२००१ रोजी मयत झाली. काल मी शेजारीण हेमा महिपत शेट्ये यांच्याविरुद्ध चित्राची नासधूस केल्याचा अर्ज दिला, त्याबाबत हा जबाब आहे.

होड्यांच्या फटी बुजविताना मेण व राळ हाताळून मी मेणाची चित्रे करण्यास आपला आपण शिकलो. मला गुरू नाही. मधमाशांचे मेण आठ भाग, राळ एक भाग, त्यात रंग. प्रत्येक थर ब्लो लॅम्पच्या ज्योतीने खालच्या थरात मुरवायचा. सदर चित्रात एकवीस थर आहेत. चित्र कशाचे, असे आपण दोनदा विचारले. ते कशाचेही नाही. पंचनाम्यात 'समुद्राचे' असे लिहू नये.

अशा चित्रावर पावसाळ्यात पांढरट साय धरते. ती बुरशी नव्हे, मेणच असते. जुन्या सुती बनियनने हलक्या हाताने पुसले की जाते. पाणी, रॉकेल लावायचे नाही, आणि ऊन तर अजिबात दाखवायचे नाही. हे सर्व मी सुवाच्य अक्षरात लिहून चित्राच्या मागे डकवलेले आहे.

दि. ३ ते ११ मी कामानिमित्त चिपळुणास होतो. घराची चावी नेहमीप्रमाणे हेमावहिनींकडे होती. पावसाळा सरला की आमच्याकडे गाद्या, पाट, ट्रंका, सगळ्याला ऊन दाखवतात. दि. १० रोजी वहिनींनी स्वतःच्या वस्तूंबरोबर माझ्याही बाहेर काढल्या व चित्र दुपारी बारा ते साडेतीन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आडवे ठेवले.

परत आल्यावर विचारले असता त्या म्हणाल्या, "हाशिमभाई, केवढा बुरा चढला होता त्यावर! म्हटलं, आमच्या पाटांबरोबर तुमचंही घालू उन्हात." मी मागचा कागद दाखवला. त्यावर, "भिंतीकडे तोंड करून लावलेला कागद वाचणार कोण, पाल?" असे म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आणि बिघडलं काय? उलट तो कपाचा डाग गेला. किती साफ झालंय!"

डागाचा खुलासा असा. मार्च २००१ मध्ये चित्र टेबलावर आडवे असताना पत्नीने त्यावर गरम चहाचा कप ठेवला. मी ओरडलो. ती म्हणाली, "अहो, मला वाटलं नवीन मेणकापड आणलंत." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. डाग गोल, व्यास साडेसहा सेंटीमीटर, खालच्या उजव्या कोपऱ्यापासून अकरा सेंटीमीटरवर. कपाच्या बुडाचा टवका गेलेला असल्याने वर्तुळ एका जागी तुटलेले. ब्लो लॅम्प फिरवून तो डाग दोन मिनिटांत घालवता आला असता. ती होती तोवर वेळ मिळाला नाही. नंतर वेळ होता, पण मी ते काम केले नाही.

आता सदर जागा सपाट आहे.

"डागच गेला, तर नुकसान काय लिहू?" असे आपण विचारले. त्याच कपात कढत चहा ओतून तो पुन्हा तिथेच ठेवावा, असेही आपण सुचविले. कप घरी आहे. डाग तसाच उठेल, टवक्यासकट, हे मला मान्य आहे. परंतु तो कप मी ठेवलेला असेल.

हेमावहिनींविरुद्ध माझी आता तक्रार नाही. चावी यापुढेही त्यांच्याकडेच राहील. सदर ठिकाणी डाग होता, एवढी सरकारी दप्तरी नोंद व्हावी, ही विनंती.

जबाब मला वाचून दाखविला. अकरा सेंटीमीटरच्या जागी दहा लिहिले होते, ते दुरुस्त करून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.