वासराची झडप

एरवी मी थापा मारतो, पण हे ताझा गावच्या बाजारात, अल्लाल खाटकाच्या रांगेत उभं राहून ऐकलेलं आहे. माझ्या पुढे म्हातारी सुईण लल्ला यामना होती. तिनं वासराचं हृदय मागितलं.

"सोमवारी ऑपरेशन ना रे तुझं?"

"नाही जाणार. म्हणे हृदयाची झडप बदलायची. वासराच्या हृदयावरच्या पडद्याची शिवलेली बसवणार. मी काय वासराच्या जिवावर जगू?"

"आजवर कुणाच्या जिवावर जगलास?"

"लल्ला, मागं रांग आहे."

"असू दे. ते हृदय उभं धर आणि वरच्या जाड नळीत पाणी ओत."

"कशाला?"

"तुला जगात मी आणलंय. ओत."

"ओतलं."

"खाली उतरलं?"

"नाही. नळीतच थांबलंय."

"बघ, वासरू मेलं तरी झडप दार लावून उभी आहे. तुझी काय करते?"

"गळते. डॉक्टर म्हणाला, दर ठोक्याला हृदय जेवढं रक्त वर फेकतं, त्यातलं अर्धं माघारी येतं."

"म्हणून चार पायऱ्यांत दमून बसतोस. बिचारं एकच रक्त दोनदा उपसतंय."

"आणि छाती उघडल्यावर जीव उडाला तर?"

"असाच गळत राहिलास, तर उडायला तरी उरेल का?"

अल्लालनं हृदय उजेडात धरलं. पाणी अजून तिथंच होतं.

"ऐका रे, सोमवारपासून दुकानात माझा भाऊ बसेल."

"आणि तू परत आलास की?"

"मी मेंढ्याच कापीन, लल्ला. सोयऱ्यांवर सुरी चालवायची नसते."