नायकाची बाजू

कादंबरीवर कोणी तावातावाने बोलू लागला, की त्याच्यावर जरा लक्ष ठेवा बरं का. परवा भिवंडीच्या आमच्या वाचकमंडळात अशाच एका नायकावर चर्चा चालली होती. तो रागाच्या भरात नोकरी सोडतो आणि बायकोला न सांगता दिवसभर भटकत राहतो. सगळ्यांनी त्याला मूर्ख ठरवलं. कशेळीच्या गोदामात सुपरवायझर असलेले कर्णिक मात्र उसळले.

"मूर्ख काय? साहेब सगळ्या हमालांसमोर अपमान करतो, माणसाने किती सोसायचं?"

मी जन्मभर ऑफिसात रजेचे अर्ज वाचलेत. परक्यासाठी इतकी कळकळ नसते.

शेजारी बसलेल्या कर्णिकवहिनींनी चष्मा काढला. "अहो, कादंबरीत तो शाळामास्तर आहे. हमाल कुठून आले? खरं सांगा, तुम्ही कामावर कधीपासून जात नाही?"

कर्णिक पुटपुटले, "गणपतीपासून."